नमुना कुठे आहे? – वनस्पतिसंशोधनातील नव्या संधी आणि आपली तयारी

गेल्या काही वर्षांत आयुर्वेद आणि वनस्पतिविज्ञान यांच्या सीमारेषेवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी बरीच दारे उघडली आहेत. विद्यार्थ्यांसाठी, अध्यापकांसाठी आणि आता आपल्यासारख्या केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्यांसाठीही योजना आहेत. जैवविविधतेच्या कायद्यातही आपल्याशी थेट संबंधित असे बदल झाले आहेत. ही माहिती वैद्यवर्गापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोहोचते, म्हणून ती एकत्र मांडावी असा या लेखाचा हेतू आहे. परंतु त्याआधी एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. तो आला नसता तर या संधींचे मोल आणि त्यांची अट, दोन्ही आम्हांला कळली नसती.

सारिवा हे आमच्या नित्य वापरातील द्रव्य आहे. चरकाचार्यांनी ज्वरहर, दाहप्रशमन व स्तन्यशोधन या दशेमानींत तिची गणना केली आहे, आणि पित्तप्रधान त्वचाविकारांत तिचा उपयोग आपण सर्वच जण करतो. आम्ही आठ वर्षे अशा रुग्णांच्या पत्रिका काळजीपूर्वक लिहिल्या. प्रकृती, दोषदूष्य, मात्रा, अनुपान, पथ्य आणि दर पंधरवड्याची लक्षणे असे सारे त्यात नोंदवले होते. हे काम प्रकाशित व्हावे या इच्छेने ती बाडे घेऊन आम्ही एका ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी चार पाने चाळली, मनापासून कौतुक केले आणि विचारले, “वैद्यराज, नमुना कुठे आहे?”

आम्ही बरोबर दोन पुड्या नेल्या होत्या. एक त्या वर्षीच्या खरेदीची, दुसरी सुमारे तीन वर्षांपूर्वीच्या खरेदीतील बरणीच्या तळाशी उरलेली. पहिल्या पुडीत पेन्सिलीपेक्षा बारीक, कठीण, वेडीवाकडी मुळे होती. त्यांची काळपट तपकिरी साल आडवी तडकलेली होती आणि आतल्या लाकडापासून सहज सुटत होती. दुसऱ्या पुडीतील मुळे अंगठ्याहून जाड, चकत्या करून वाळवलेली होती. वास मात्र दोन्हींचा एकच, तोच ओळखीचा गोड सुगंध. त्या गृहस्थांनी दुसरी पुडी बाजूला सारली व म्हणाले, “ही उपळसरी नव्हे.”

म्हणजे आठ वर्षांपैकी निदान एका वर्षी तरी आम्ही रुग्णांना सारिवा म्हणून वेगळेच द्रव्य दिले होते. उरलेल्या वर्षांचे काय, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण ती औषधे वापरून संपली होती. पत्रिकेत ‘सारिवाचूर्ण ३ ग्रॅम’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, परंतु ते चूर्ण कशाचे होते हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. ती बाडे आजही आमच्या कपाटात आहेत. रुग्ण बरे झाले हे खरे, पण कशाने झाले हे आम्ही लिहू शकत नाही.

वास का फसवतो?

उपळसरी म्हणजे हेमिडेस्मस इंडिकस. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात श्वेत सारिवा म्हणून हीच वनस्पती दिली आहे. (कृष्ण सारिवेच्या बाबतीत कुठे क्रिप्टोलेपिस, तर कुठे इक्नोकार्पस वापरतात; तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आमच्या दुसऱ्या पुडीतील वनस्पती होती डेकॅलेपिस हॅमिल्टोनी. आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू व केरळ येथील खडकाळ डोंगरांत वाढणारी ही वेल आहे. तिची मांसल मुळे तिकडे लोणच्यात घालतात आणि ‘नन्नारी’च्या सरबतासाठीही दोन्ही वनस्पतींची मुळे वापरली जातात. दोन्ही वेली एकाच कुलातील, आणि दोन्हींच्या मुळांना सुगंध देणारा मुख्य घटक एकच आहे: २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सी-बेन्झाल्डिहाइड. व्हॅनिलाच्या शेंगेतील व्हॅनिलिनचेच हे समघटक भावंड. त्यामुळे नाकाने परीक्षा करणारा वैद्य येथे हमखास चुकतो. आणि, हे अधिक गंभीर आहे, केवळ या एका घटकाचे प्रमाण मोजून दिलेले प्रयोगशाळेचे प्रमाणपत्रही तितकेच चुकू शकते. रसशाळा चालविणाऱ्या आमच्या मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कागदावर ‘घटक आढळला’ असे लिहून आले म्हणजे द्रव्य तेच आहे असे होत नाही.

ही अदलाबदल का होते हे समजायला व्यापाऱ्याला शिव्या देण्याची गरज नाही. उपळसरीची बारीक मुळे दिवसभर खणली तरी हाती फारसे लागत नाही. डेकॅलेपिसच्या एका वेलीखाली मात्र किलोंच्या मापाने माल निघतो. ज्या वनौषधीची मागणी वाढली आणि लागवड झाली नाही, तिच्या जागी असे काहीतरी येणारच. ओघाने डेकॅलेपिसवरही संकट आले असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत ती आज संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. एका द्रव्याच्या टंचाईची भरपाई दुसरीची टंचाई करून चालली आहे.

कोणी म्हणेल, प्रतिनिधी द्रव्याची कल्पना तर आपल्याच शास्त्रात आहे. निश्चितच आहे, भावप्रकाशात अभावप्रतिनिधींची यादीच दिली आहे. परंतु तेथे वैद्य जाणून, ठरवून दुसरे द्रव्य घेतो. पोत्यात काय आले हे माहीत नसणे म्हणजे प्रतिनिधी घेणे नव्हे. डेकॅलेपिसचे स्वतःचे गुण असतील, कदाचित चांगलेही असतील. ते तपासले जावेत, पण तिच्या नावाने.

हर्बेरियम पत्राचे महत्त्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, आणि अज्ञात औषध हे विष, शस्त्र व अग्नी यांच्यासारखे ठरते. नामरूपज्ञान हे चिकित्सेच्या आधी येते, ही आपल्या आचार्यांची भूमिका आहे. आधुनिक वनस्पतिविज्ञानाने त्याच नामरूपज्ञानाला एक साक्षीदार दिला. त्याचे नाव हर्बेरियम पत्र.

ते म्हणजे दाबून वाळवलेली, फुलाफळांसह असलेली वनस्पतीची फांदी, जाड कागदावर चिकटवलेली. आपल्याकडे या कागदाचे प्रचलित माप २८ × ४२ सेंटिमीटर आहे. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव व अनुक्रमांक, स्थानिक नाव, अधिवास आणि जे वाळल्यावर नाहीसे होते ते सर्व, उदाहरणार्थ फुलाचा रंग, वास, चीक. संग्रहालयात दाखल झाल्यावर त्या पत्राला नोंदक्रमांक मिळतो. पुढे वनस्पतीचे नाव बदलले, कुल बदलले, अभ्यासकांत मतभेद झाले, तरी ते पत्र उघडून पुन्हा पाहता येते. उपळसरीचेच उदाहरण घ्या. आम्ही शिकलो तेव्हा ती अ‍ॅस्क्लेपिएडेसी कुलात होती, आज अ‍ॅपोसायनेसीत आहे. नाव बदलते, पत्र तेच राहते.

नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावे. अमेरिकेत डॉ. मनरो वॉल यांच्यासमवेत त्यांनी कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल ही कर्करोगावरील औषधांची दोन मूलद्रव्ये शोधली. टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. या कथेचा आरंभ प्रयोगशाळेत नाही. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी कृषी विभागाचे वनस्पतिज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलात पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा केली. कुठल्या जंगलातून, कोणत्या दिवशी, कोणत्या झाडाची हे सर्व नोंदलेले होते. सालीच्या अर्कात गुण दिसल्यावर पुन्हा साल हवी झाली, तेव्हा त्याच वृक्षाकडे परत जाता आले. आमच्या आठ वर्षांच्या बाडांत नेमके हेच नाही. आम्हांला परत जाण्यासाठी झाडच नाही.

वैद्य आणि वनस्पतिज्ञ यांनी एकत्र काम करण्याची परंपरा आपल्याकडे परकी नाही. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. त्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचे देवनागरीतील प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. मराठीतही डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ चा ‘ओषधिसंग्रह’ आपण अजून चाळतो. मधल्या काळात मात्र आपण चिकित्सालयात बसलो आणि वनस्पतिज्ञ संग्रहालयात.

परीक्षा कोणती, कशासाठी?

हल्ली डीएनए बारकोडिंगचा फार बोलबाला आहे. २००९ साली वनस्पतींसाठी आरबीसीएल व मॅटके या दोन जनुकखंडांची जोडी मुख्य संकेतखंड म्हणून स्वीकारली गेली. आयटीएस हा भागही पुष्कळ वापरतात. वाळलेल्या मुळाच्या तुकड्यावरून, फूलपान नसताना, जाती ओळखता येते हा त्याचा मोठा लाभ. पण त्याच्या मर्यादाही वैद्यांनीच ओळखल्या पाहिजेत. तो जाती सांगतो, अंग सांगत नाही. मूळ आहे की पाने, हे त्याला कळत नाही. ग्रहणकाल, भूमी, द्रव्याचे वय यांविषयी तो मूक आहे. काढा किंवा आसव झाल्यावर डीएनए इतका तुटलेला असतो की निष्कर्षावर फारसे विसंबता येत नाही. आणि तुलनेसाठी हवा असतो तो खात्रीच्या नमुन्याचाच डीएनए, म्हणजे फिरून हर्बेरियम पत्रच.

आमचे मत असे की साबुत मुळांसाठी डोळा, भिंग आणि सूक्ष्मदर्शकाखालील छेद यांनी बहुतेक काम भागते. उपळसरी व डेकॅलेपिस यांचा भेद तर साबुत मुळांत नुसत्या जाडीवरूनही संशय यावा इतका उघड आहे. जेव्हा आपण भरड किंवा चूर्ण विकत घेतो तेव्हा ही सोपी परीक्षा आपण आपल्याच हातांनी गमावतो. म्हणून द्रव्य शक्यतो अखंड घ्यावे आणि कुटणे आपल्या देखरेखीखाली करावे. त्याला खर्च येतो हे आम्ही जाणतो.

दारे कोणती?

चिकित्सक वैद्यांसाठी सर्वांत जवळची योजना म्हणजे केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये सुरू केलेली ‘अग्नी’. खासगी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांचे अनुभवसिद्ध चिकित्साप्रयोग नोंदवून घेणे, त्यांचे पुरावे तपासणे व प्रसिद्ध करणे असा तिचा हेतू आहे. आपल्या कपाटातील बाडांना येथे प्रथमच रीतसर वाट मिळाली आहे. त्याच परिषदेची ‘स्पार्क’ ही योजना २०२२ पासूनची. तीत बीएएमएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी दरमहा २५,००० रुपये असे एकूण ५०,००० रुपये विद्यावेतन ठेवले गेले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘पीजी-स्टार’ व अध्यापकांसाठी ‘स्मार्ट’ अशा सोबतच्या योजना आल्या. ज्यांची मुले, पुतण्या, भाचरे आयुर्वेद महाविद्यालयात आहेत त्यांनी हे त्यांच्या कानावर अवश्य घालावे. गावच्या बाजारातील एका द्रव्याची ओळख पटवणे हा दोन महिन्यांत पुरा होणारा, आणि खरोखर उपयोगी पडणारा विषय आहे. अर्जांच्या मुदती व अटी दरवर्षी परिषदेच्या सूचनेत पाहाव्यात.

लागवड, संवर्धन व रोपनिर्मिती यांचे काम राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडे आहे. ते नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झाले. पश्चिम विभागासाठी त्याचे सुविधा केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. रसशाळांनी याच मंडळाने गुणवत्ता परिषदेच्या साहाय्याने २०१० मध्ये आणलेली वनौषधी उत्पादनांची ऐच्छिक प्रमाणन योजनाही पाहावी. तीत लागवड वा संकलन कसे झाले याची तपासणी होते, म्हणजे प्रश्न पोत्यावर न संपता शेतापर्यंत जातो.

जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. उपजीविकेसाठी चिकित्सा करणारे वैद्य, हकीम व नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांना, तसेच लागवड केलेल्या औषधी वनस्पती व ग्रंथोक्त पारंपरिक ज्ञान यांना, राज्य मंडळाला पूर्वसूचना देण्याच्या अटीतून वगळले आहे. मात्र लागवडीची सवलत हवी तर माल लागवडीचाच आहे याचा दाखला लागतो, आणि त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदीत ती लागवड असावी लागते. रानातून गोळा केलेल्या मालावर व्यापारी उत्पादन करणाऱ्यांना ही सूट जशीच्या तशी लागू नाही. वनजमिनीवरून एक मूळ जरी खणायचे तरी वनविभागाची परवानगी हवीच. आणखी एक गोष्ट. परदेशी स्थायिक झालेला एखादा आप्त तिकडच्या विद्यापीठासाठी ‘थोडी मुळे पाठवा’ म्हणतो, तेव्हा प्रेमापोटी पाकीट पाठवू नये. परदेशी नागरिक व अनिवासी भारतीय यांना अशा वापरासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते.

ओळख पटवून घेण्यासाठी महाराष्ट्रात जागा आहेत. पुण्यात १९५५ पासूनचे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. शुल्क व पद्धत प्रत्येकाची निराळी, आधी पत्र लिहून विचारावे. या ठिकाणी नुसते चूर्ण घेऊन जाऊन ‘हे काय आहे सांगा’ म्हणणे म्हणजे राख दाखवून लाकूड विचारण्यासारखे आहे. आमच्या अनुभवात तेथील मंडळी वैद्याचे स्वागतच करतात. वनस्पतींची पत्रे त्यांच्याकडे पुष्कळ असतात, पण आज बाजारात त्या नावाने प्रत्यक्ष काय विकले जाते व रुग्णाला काय दिले जाते, हे त्यांना आपल्याखेरीज कोण सांगणार?

घरी काय करता येईल

आता आम्ही काय करतो ते सांगतो. प्रत्येक नव्या खरेदीतील मूठभर अखंड द्रव्य बाटलीत घालून तिच्यावर दिनांक, विक्रेत्याचे देयक क्रमांक व आमचा अनुक्रमांक घालतो. तोच क्रमांक रुग्णपत्रिकेत द्रव्याच्या नावापुढे येतो. यास वेळ लागतो तो पाच मिनिटांचा. रसशाळांना तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ प्रमाणे कच्च्या द्रव्यांच्या ओळखीसाठी संदर्भनमुने ठेवणे बंधनकारकच आहे. ते तपासनिसाला दाखवण्यापुरते न राहता दर पोत्याशी ताडून पाहिले जावेत एवढेच.

शक्य तेथे वनस्पती जागेवर जाऊन पाहतो. फुलोऱ्यातील फांदी वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबायची, पाने थोडी सुलटी व थोडी उलटी ठेवायची, कागद पहिला आठवडा रोज बदलायचे. पावसाळ्यात हे चुकले की बुरशी आलीच. पानाचा एक तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलच्या पुडीत वेगळा ठेवायचा. कीड लागू नये म्हणून पूर्वी पत्रांना रसकर्पूराच्या जातीच्या पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण लावीत. ते विषारी असल्याने कोणी घरी करू नये, पुढचे संस्कार संग्रहालयावर सोडावेत.

गेल्या वर्षी आम्ही अशी उपळसरीची चार पत्रे संग्रहालयाकडे पाठवली. तीन दाखल झाली आणि त्यांचे क्रमांक आता आमच्या नव्या पत्रिकांत आहेत. चौथे परत आले. त्या वेलीला आम्ही गेलो तेव्हा फूल नव्हते. पाने रुंद होती व शिरांवर पांढरी रेघही दिसत नव्हती, म्हणून जाती निश्चित करता येत नाही असा शेरा त्यावर होता. वेल कोणत्या बांधावर आहे ते चिठ्ठीवर लिहिलेले आहे, ती फुलली की पुन्हा जाऊ.